कपाटातला हेडसेट आणि रविवारचा फोन

एका ७२ वर्षांच्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या निवृत्त आहेत, एकट्या राहतात आणि गेल्या वर्षभरात दोनदा पडल्या आहेत. पहिल्यांदा त्या रात्री स्वच्छतागृहाकडे जायला उठल्या आणि दारापाशी कोसळल्या. दुसऱ्यांदा रस्त्याने चालत असताना मागून कोणी हाक मारली म्हणून वळल्या आणि तोल गेला. हाड मोडले नाही, पण मनगट महिनाभर दुखले आणि त्यानंतर बाहेर जाणे जवळजवळ थांबले. त्या रक्तदाबाची गोळी नेमाने घेतात आणि अधूनमधून झोपेची. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलाने वृद्धांचा तोल सुधारतो असे वाचून त्यांना आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हीआरचा, डोळ्यांवर चढवायचा हेडसेट पाठवला. चार दिवस त्यांनी तो उभ्याने वापरला. गरगरले, मळमळले आणि चौथ्या दिवशी नसलेल्या खुर्चीला हात टेकायला गेल्या. तेव्हापासून हेडसेट कपाटात आहे. दर रविवारी मुलगा फोनवर "झाला का व्यायाम?" असे विचारतो आणि त्या "झाला" म्हणतात. त्यांचे प्रश्न तीन आहेत: चिकाटीने वापरत राहिले तर सवय होईल का, या यंत्राचा खरोखर उपयोग असतो का, आणि नसेल तर मुलाला न दुखवता ते कसे सांगावे.

सप्रेम नमस्कार,

चौथ्या दिवशी तुम्ही हेडसेट उतरवून ठेवलात ते योग्यच केलेत. "माझ्यात चिकाटी कमी पडली" असे तुम्ही पत्रात लिहिले आहे, ते मला पटत नाही. उभ्याने, घरात एकटे असताना आणि आधी दोनदा पडलेल्या माणसाने ते यंत्र डोक्यावर चढवूच नये, असे तुम्ही आधी विचारले असतेत तरी मी सांगितले असते.

तुम्हाला गरगरले ते का, हे समजून घेतले तर पुढचा बराचसा गुंता सुटतो. तोल सांभाळताना मेंदू तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरा सतत जुळवून पाहत असतो. एक खबर डोळ्यांकडून येते, दुसरी अंतर्कर्णातल्या तोलाच्या इंद्रियाकडून, आणि तिसरी तळपाय, घोटे, गुडघे आणि मान यांतल्या स्नायू-सांध्यांकडून. वय वाढते तशी तळपायांची जाण बोथट होत जाते, अंतर्कर्णही पूर्वीइतका तल्लख राहत नाही, आणि मेंदू हळूहळू डोळ्यांवर अधिक विसंबू लागतो. म्हणूनच अंधारात किंवा डोळ्यांवर साबण आला असताना ज्येष्ठांचा तोल तरुणांपेक्षा लवकर जातो. हेडसेट नेमके हे डोळेच काढून घेतो आणि त्यांच्यापुढे दुसरेच जग उभे करतो. डोळे सांगतात की आपण पुढे सरकतो आहोत, कान आणि पाय सांगतात की आपण जागच्या जागी आहोत. या विसंवादातून मळमळ आणि गरगर होते. तरुण माणसाला तो फार तर त्रास वाटतो; ज्याचा सारा भार डोळ्यांवर आहे त्याचा मात्र मुख्य आधारच त्या क्षणी काढून घेतला जातो.

गंमत अशी की याच गुणामुळे व्हीआरकडे उपचार म्हणूनही पाहिले जाते. डोळे फसवे ठरले तर मेंदूला पाय आणि कान यांच्याकडे पुन्हा लक्ष द्यायला शिकावे लागते, आणि हे शिकवणे तोलाच्या प्रशिक्षणात मोलाचे असते. पण त्या शिकवणीच्या वेळी शेजारी प्रशिक्षित माणूस उभा असावा लागतो, वरून सुरक्षा पट्टा बांधलेला असावा लागतो आणि अवघडपणा थोडा थोडा वाढवावा लागतो. तुमच्या खोलीत यांपैकी काहीही नव्हते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे उपयोग होतो का याकडे वळू. तुमच्या मुलाने जे वाचले ते खोटे नसणार, पण "व्हीआर" या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी मोडतात, आणि बातमी वाचणाऱ्याला त्यांतली कोणती हे बहुधा कळत नाही. या विषयातला सर्वांत गाजलेला अभ्यास २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाच देशांतल्या केंद्रांवर ६० ते ९० या वयोगटातल्या ३०२ व्यक्तींना त्यात सामील करून घेतले होते, आणि मागच्या सहा महिन्यांत प्रत्येकजण निदान दोनदा पडलेला होता. काहींना पार्किन्सन्सचा आजारही होता. अर्ध्यांनी नुसते ट्रेडमिलवर चालायचे, अर्ध्यांनी ट्रेडमिलवर चालत समोरच्या पडद्यावर आपल्याच पावलांची हालचाल पाहत वाटेतले अडथळे ओलांडायचे आणि रस्ता निवडायचा, असा क्रम सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण पाऊण तास चालला. पुढच्या सहा महिन्यांत पडद्याच्या गटातले पडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. नुसत्या ट्रेडमिलच्या गटात ते थोडेच घटले.

आकडा मोठा आहे, पण त्यातला तपशील पाहा. त्या लोकांच्या डोक्यावर काहीही चढवलेले नव्हते. पडदा समोर होता, खालची जमीन आणि आजूबाजूची खोली दिसत होती, आणि शेजारी माणूसही होता. म्हणजे ज्या अभ्यासाच्या जोरावर असे हेडसेट भेट म्हणून घेतले जातात, त्यातले यंत्र तुमच्या कपाटातल्या यंत्रासारखे नव्हते. डोक्यावर चढवायच्या हेडसेटचे अभ्यासही झाले आहेत. मात्र त्यांतले बरेचसे छोटे आहेत आणि बहुतेकांत मोजले आहेत ते तोलाच्या चाचणीतले गुण. चाचणीत गुण वाढणे चांगलेच, पण माणूस वर्षभरात किती वेळा पडला हा प्रश्न त्याहून वेगळा असतो.

घरच्या घरी करण्याजोगा एक अभ्यास २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झाला, आणि तुमच्यासाठी तो अधिक जवळचा आहे. ६५ वर्षांवरच्या ७६९ व्यक्तींपैकी एका गटाने पायाखाली चटई अंथरून, पडद्यावर दिसेल त्याप्रमाणे नेमक्या दिशेला पाऊल टाकण्याचे खेळ वर्षभर खेळले. दुसऱ्या गटाने तशाच धाटणीचे खेळ खुर्चीत बसून हाताने खेळले. तिसऱ्या गटाला दोन्हींपैकी काही दिले नाही. पावलांच्या गटात पडण्याचे प्रमाण तिसऱ्या गटाच्या तुलनेत २६ टक्क्यांनी कमी झाले. बसून खेळणाऱ्यांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. डोके कितीही चालवा, पाय उचलून टाकल्याशिवाय पाय शिकत नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ मी लावते.

इथे तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाला मला हात घालायचा आहे. दोन वेळचे पडणे तुम्ही एकाच गोष्टीच्या, म्हणजे "वयानुसार तोल गेल्याच्या" खात्यात जमा केले आहे. माझ्या मते ती दोन निरनिराळी पडणी आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि म्हणून उपायही वेगळे आहेत.

रस्त्यावरचे पडणे घ्या. चालता चालता कोणी हाक मारते, मान वळते, मन "कोण बरे?" या प्रश्नात गुंतते आणि पाय तेवढ्यात एकमेकांत अडकतात. चालणे वरवर आपोआप होते असे वाटते, पण वय वाढल्यावर त्याला लक्ष पुरवावे लागते, आणि लक्ष दुसरीकडे गेले की पावलांच्या वाट्याला कमी उरते. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधे निरीक्षण नोंदवले होते: चालताना बोलायची वेळ आली की ज्या वृद्धांना थांबावे लागते, ते पुढच्या काही महिन्यांत पडण्याची शक्यता अधिक असते. अशा पडण्यासाठी चालण्याचा आणि विचार करण्याचा एकत्र सराव उपयोगी पडतो, आणि पडद्यावरच्या अडथळ्यांचे खेळ तोच सराव देतात. म्हणजे मुलाची कल्पना या पडण्यापुरती बरोबर दिशेची आहे.

रात्रीच्या पडण्याला मात्र जगातला कोणताही खेळ पुरा पडणार नाही. आडवे असताना एकदम उठले की काहींचा रक्तदाब झपाट्याने उतरतो; उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. रक्तदाबाच्या गोळ्यांनी हे वाढू शकते, आणि झोपेच्या गोळीचा अंमल मध्यरात्री उतरलेला नसतो. त्यात अंधार मिसळला की डोळ्यांचाही आधार जातो. तेव्हा डॉक्टरांना आडवे असतानाचा आणि उभे राहिल्यावरचा असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजायला सांगा, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्यांसह, त्यांच्यापुढे ठेवा. स्वतःच्या मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नका. झोपेची गोळी अचानक थांबवण्याचेही त्रास असतात. दरम्यान, रात्री उठताना बिछान्याच्या कडेवर मिनिटभर बसून घोटे वरखाली हलवणे, आणि बिछान्यापासून स्वच्छतागृहापर्यंत मंद दिवा तेवत ठेवणे, एवढे आजपासून करता येईल.

याच भेटीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद खोली फिरल्यासारखी वाटते का? तसे असेल तर अंतर्कर्णातले सूक्ष्म कण जागचे हलल्याने येणारी ती चक्कर असू शकते, आणि डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या एका साध्या प्रक्रियेने ती अनेकदा लवकर बरी होते. आणि डोळे शेवटचे कधी तपासले? वाचण्याचा आणि लांबचा नंबर एकाच भिंगात असलेला चष्मा लावून जिना उतरताना खालची पायरी पुसट दिसते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

आता "वयानुसार हे चालायचेच" या वाक्याबद्दल. ६५ वर्षांवरचे सुमारे एक तृतीयांश लोक वर्षातून निदान एकदा पडतात, हे खरे आहे. मग उरलेले दोन तृतीयांश पडत नाहीत, हेही तितकेच खरे आहे, आणि त्यांचेही वय होतच असते. पडण्यामागे बहुतेक वेळा शोधता येण्याजोगे कारण असते. ते वयाच्या खात्यावर टाकले की शोध थांबतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या एका ओझरत्या वाक्याची: "आता बाहेर जाणे जवळजवळ बंदच केले आहे." तुम्ही ते सावधगिरी म्हणून लिहिले आहे. पण घरात बसून राहिले की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे बळ आठवड्यांच्या हिशेबाने घटते, पावले आखूड पडू लागतात, आणि भीतीने ताठरलेले शरीर ठेच लागल्यावर स्वतःला सावरू शकत नाही. भीती आणि अशक्तपणा एकमेकांना खतपाणी घालतात. घरात बसण्याने धोका पुढे ढकलला जातो, आणि पुढे तो वाढलेला भेटतो.

मग करायचे काय? व्यायामाचा पुरावा यंत्रांच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. २०१९ मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक ज्येष्ठांची माहिती एकत्र केली गेली, आणि व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते असे त्यातून दिसले. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला घरगुती कार्यक्रम याच जातीचा आहे: फिजिओथेरपिस्ट थोड्या भेटींत पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम बसवून देतात, त्यांत चालण्याची जोड असते, आणि पुढे माणूस घरी करत राहतो. त्यात खेळाची चमक नसते हे मान्य, पण परिणाम असतो.

त्या व्यायामांचे मर्म एवढेच की तोलाला थोडे आव्हान मिळाले पाहिजे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, चवड्यांवर उभे राहणे, एका पावलाच्या पुढे दुसरे पाऊल टाचेला अंगठा लावून उभे राहणे, आडवे चालणे, हळूहळू पूर्ण गिरकी घेऊन वळणे, हे भक्कम टेबलाच्या कडेशी करता येते. टेबल घट्ट धरून ठेवले तर शरीर काहीच शिकत नाही, आणि धरायला काहीच नसले तर ते धोक्याचे ठरते. बोटे टेबलाला जेमतेम टेकलेली, डोलते आहे असे जाणवते पण पडत नाही, ही जागा शोधायची. ती शोधून देण्यासाठीच फिजिओथेरपिस्टची पहिली भेट हवी. आठवड्यातून एकूण तीन तासांपर्यंत पोहोचता आले तर फायदा अधिक होतो, पण सुरुवात रोज दहा मिनिटांनी करा. केवळ चालणे हृदयाला आणि मनाला चांगले असले तरी तोलासाठी ते पुरेसे नाही.

फिजिओथेरपिस्ट तुमच्या एक-दोन साध्या चाचण्या घेतील. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालून जायचे, वळून परत येऊन बसायचे; याला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला मानतात. टाचेला अंगठा लावून १० सेकंद उभे राहता न येणे हीही तशीच खूण. हे आकडे तुम्ही लिहून ठेवा, म्हणजे तीन महिन्यांनी सुधारणा झाली की नाही ते कोणाला विचारावे लागणार नाही.

आता हेडसेटचे काय करायचे? तुम्ही एकट्या राहत असताना उभ्याने तो वापरायचा नाही, यावर माझी तडजोड नाही. कोणी शेजारी असताना, हात असलेल्या स्थिर खुर्चीत बसून, पाच मिनिटे वापरायला हरकत नाही. ज्यात सगळे जग सरकते असे खेळ टाळा; ज्यात जग स्थिर असते आणि वस्तू तुमच्याकडे येतात असे निवडा. पहिली गरगर जाणवताच उतरवा आणि पुढची पंधरा मिनिटे बसूनच राहा, जिन्याकडे तर मुळीच जाऊ नका. पेसमेकर असेल, फिट येण्याचा इतिहास असेल किंवा मानेचे दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ते यंत्र साधारण अर्धा किलोचे असते आणि तेवढे वजन मानेला जाणवते. या बसल्या वापराने पडणे कमी होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. समुद्राचा तळ किंवा एखादे दूरचे जंगल पाहण्यासाठी तो वापरलात तर ती करमणूक ठरेल, आणि महिनोन्‌महिने घरात बसलेल्या माणसाला करमणुकीची गरज काही कमी नसते.

पडद्यावरच्या पावलांच्या खेळांचा पर्याय तुमच्यासाठी खुला आहे, पण फिजिओथेरपिस्टने पाहून संमती दिल्यानंतर. तुमच्यासारख्या इतर वाचकांनीही एखाद्या केंद्रात व्हीआरचे प्रशिक्षण घ्यायचे ठरवले, तर पैसे भरण्याआधी काही प्रश्न विचारावेत. सराव करताना शेजारी कोण उभे असते? सुरक्षा पट्टा आहे का? अवघडपणा माझ्या प्रगतीप्रमाणे वाढवता का? खेळाबरोबर पायांच्या ताकदीचे व्यायाम देता का? पार्किन्सन्स असलेल्यांनी, पक्षाघातातून उठलेल्यांनी आणि ज्यांना नुकतीच विस्मरणाची सुरुवात झाली आहे त्यांनी हा सराव देखरेखीखालीच करावा. आणि आईवडिलांसाठी असे यंत्र घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे की आधी त्यांना विचारा: कुठे पडलात, किती वाजता, त्या वेळी काय करत होतात? उत्तर ऐकल्यावर कदाचित एक रात्रीचा दिवा आणि डॉक्टरांची एक भेट एवढ्यावर निम्मे काम होईल.

राहता राहिला मुलगा. "झाला" हे खोटे तुम्हाला बोचते आहे, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलेत. त्याला दुखवायचे नाही हे मी समजू शकते, पण जरा त्याच्या बाजूने पाहा: आई व्यायाम करते आहे या समजुतीवर तो निश्चिंत बसला आहे, आणि त्या निश्चिंतीमुळेच तुम्ही तिसऱ्यांदा पडू नये म्हणून जे करायला हवे ते करायचे राहून जाते आहे. त्याने हेडसेट पाठवला कारण एवढ्या दुरून काय करावे हे त्याला सुचत नव्हते. करण्यासारखे दुसरे काम त्याच्या हाती दिलेत तर नकार त्याला कमी लागेल.

सांगताना यंत्रावरून सुरुवात करू नका, स्वतःवरून करा. "मला ते घालून उभे राहायची भीती वाटते, चौथ्या दिवशी मी पडता पडता वाचले, आणि तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही," एवढे पुरे. मग त्याला कामे सांगा. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी त्याला येता येत नसेल, तर त्या वेळी फोनवर हजर राहून त्याने गोळ्यांची यादी वाचावी. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे व्हिडिओ कॉलवर राहून तुमचा व्यायाम पाहावा, आणि अधेमधे तुमच्याशी बोलावे. चालता-बोलताना तोल राखण्याचा सराव त्यातून आयताच होईल, अर्थात टेबल हाताशी ठेवून. पावलांच्या खेळाची चटई घ्यायची की नाही, हे त्याने तुमच्या फिजिओथेरपिस्टशी बोलून ठरवावे. यंत्रांची हौस त्याला आहेच, ती योग्य ठिकाणी लागेल.

आणि तो फोन करण्याआधी एका कागदावर दोन्ही पडण्यांची नोंद करा: वेळ, जागा, पायात काय होते, आधी घेरी आली होती का, कोणती गोळी किती वाजता घेतली होती, पडल्यावर उठायला किती वेळ लागला. एक प्रत डॉक्टरांना द्या. दुसरीचा फोटो काढून मुलाला शनिवारीच पाठवा, म्हणजे रविवारी तो व्यायामाचे विचारण्याआधी तेच विचारेल.